एका दुकानाने गेम नाकारला, तर

पत्र

मी येवल्याची. वडील पैठणी विणतात. मी चित्रकला शिकले आणि माझा मावसभाऊ पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता. आम्ही दोघांनी मिळून हातमागावर बेतलेला एक कोड्यांचा गेम तयार केला आहे. ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, कोणते रंग कोणत्या क्रमाने लावायचे, बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, कोणती कांडी कुठून कुठपर्यंत न्यायची, हे खेळणाऱ्याने आधी ठरवायचे आणि मग माग सुरू करायचा. दिलेली नक्षी कमीत कमी फेऱ्यांत उतरली की कोडे सुटले. मोजकेच गेम निवडून विक्रीला ठेवणाऱ्या एका परदेशी ऑनलाइन दुकानाकडे आम्ही हा गेम पाठवला होता. काही आठवड्यांनी तीन ओळींचा मेल आला : गेम काळजीपूर्वक पाहिला, परंतु आमच्या ग्राहकांना तो रुचेल असे वाटत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. याहून अधिक कारण दिलेले नाही. मावसभाऊ संतापला आहे. ही सरळसरळ सेन्सॉरशिप आहे, 'हॉर्सेस' या इटालियन गेमचेही असेच झाले, असे तो म्हणतो. तो मेल आणि पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव सगळीकडे टाकायचे, लोक बोलू लागले की दुकान झुकते, असे त्याचे मत आहे. मला मात्र वाटते की आमचा गेमच कुठेतरी कमी पडला असावा. चित्रांची शैली बदलावी, की हे सगळे इथेच थांबवावे, तेच कळत नाही. वडील विचारतात, "ज्यांनी उभ्या जन्मात माग पाहिला नाही, त्यांच्या होकारावाचून तुमचे काम का अडले आहे?" त्यांनाही मला उत्तर देता आलेले नाही. दुकानाला पुन्हा विचारावे का, मेल जाहीर करावा का आणि गेम बदलावा का, एवढे कृपया सांगा.

एक वाचक, येवला

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देते. दुकानाला पुन्हा विचारा, पण एकदाच, आणि दाखवायला काही नवीन हाती असेल तेव्हाच. मेल जाहीर करू नका. कर्मचाऱ्याचे नाव तर कोणत्याही परिस्थितीत नको. आणि या तीन ओळींच्या आधारावर गेममधली एक रेघही बदलू नका. आता कारणे सविस्तर मांडते, कारण ती तुमच्या मावसभावालाही पटायला हवीत. या एका मेलवरून तुम्हा दोघांत दुरावा आला, तर ते नुकसान नकारापेक्षा कितीतरी मोठे असेल.

ऑनलाइन दुकाने गेम नाकारतात त्यामागची कारणे एकसारखी नसतात. कधी दुकानाचा लिखित नियम आडवा येतो. कधी दुकानाला स्वतःला हरकत नसते, पण कार्डाचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्यांची, एखाद्या सरकारची किंवा चिडलेल्या लोकांची धास्ती असते. आणि कधी, तुमच्या बाबतीत झाले तसे, निवड करणाऱ्या माणसांना 'हा आपल्याकडे चालणार नाही' असे वाटते. हे तिन्ही नकार सारख्याच गुळगुळीत भाषेत येतात, म्हणून वाचणाऱ्याला ते एकच वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारात नियम वाचून बदल करता येतो आणि दुसऱ्या प्रकारात जाहीरपणे बोलणे हे कर्तव्यही ठरू शकते. तिसऱ्या प्रकारात मात्र या दोन्ही उपायांना धरायला जागा नसते, कारण तिथे ना नियम मोडलेला असतो, ना कोणाचा दबाव लपवलेला असतो. तिथे केवळ काही माणसांचा अंदाज असतो.

तो अंदाज चुकतो, आणि कधी कधी फार चुकतो. याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण नेमके तुमच्याच कुळातल्या गेमचे आहे. झॅकट्रॉनिक्स हा अमेरिकेतील झॅक बार्थ यांचा छोटा स्टुडिओ होता. 'स्पेसकेम', 'इन्फिनिफॅक्टरी', 'शेनझेन आय/ओ' हे त्यांचे कोड्यांचे गेम जाणकारांत नावाजलेले होते, आणि तेव्हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट समूहाकडे असलेल्या 'गॉग' या दुकानात या स्टुडिओचे गेम विकलेही जात होते. २०१७ च्या अखेरीस त्यांचा 'ऑपस मॅग्नम' आला. त्यात खेळणारा किमयागार असतो. कण उचलणारे यांत्रिक हात कुठे बसवायचे, ते कोणत्या क्रमाने वळवायचे, हे आधी ठरवून मग यंत्र सुरू करायचे असते, आणि खर्च, लागलेला वेळ व व्यापलेली जागा या तीन मापांवर उत्तर तोलले जाते. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात खेळणाऱ्यांनी तो उचलून धरला. गॉगने मात्र तो घेण्यास नकार दिला. ज्या दुकानाला हा स्टुडिओ परका नव्हता आणि त्याचे गेम कोण विकत घेते हेही माहीत होते, त्याच दुकानाचा हा निर्णय होता. ही गोष्ट खेळणाऱ्यांना कळली, त्यांनी दुकानाकडे विचारणा सुरू केली आणि २०१८ च्या सुरुवातीला गॉगने निर्णय फिरवून गेम विक्रीला ठेवला.

यावर तुमचा मावसभाऊ म्हणेल की म्हणजे माझेच खरे, लोक बोलले आणि दुकान झुकले. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. त्याने एवढेच पाहावे की बोलणारी माणसे कोण होती. ती तो गेम आधीच विकत घेऊन खेळलेली होती किंवा त्या स्टुडिओचे जुने गेम संपवून नव्याची वाट पाहत होती. शिवाय, आपण उभारलेल्या यंत्राचे फिरते चित्र, म्हणजे जिफ, तयार करण्याची सोय गेममध्येच दिलेली होती. त्यामुळे ज्यांनी तो खेळलाही नव्हता त्यांच्या नजरेस ती लयीत चालणारी यंत्रे रोज पडत होती. दुकानापर्यंत जे पोचले ते ग्राहकांचे मागणे होते. निर्मात्याच्या रागाचा त्यात फारसा वाटा नव्हता. तुमच्या गेमला आज असे ग्राहक नाहीत, आणि त्यात तुमचा काही दोष नाही, कारण गेम अजून बाहेरच आलेला नाही. पण म्हणूनच आज तुम्ही आवाज उठवलात, तर तो तुमचा एकट्याचा आवाज असेल. ज्या गेमची ओळखच झालेली नाही त्याची पहिली ओळख भांडणातून होईल, आणि नंतर ती पुसणे अवघड जाईल.

निवडून माल ठेवणारे दुकान कसा विचार करते, हेही थोडे समजून घ्या. त्यातून राग निवळेल असा माझा दावा नाही, पण नकाराचा आकार नीट दिसेल. गॉग २००८ साली सुरू झाले ते जुने गेम नव्या संगणकांवर चालतील असे करून, त्यांना प्रत-संरक्षणाचे कुलूप न लावता विकण्यासाठी. आजही तिथे विकलेल्या गेमचे पैसे ग्राहकाला ३० दिवसांपर्यंत परत मागता येतात. अशा दुकानाने होकार दिला की गेमची वेगळी प्रत तपासणे, तक्रारी सांभाळणे, दर्शनी पानावर जागा देणे हे सगळे त्याच्या अंगावर येते. त्यामुळे प्रश्न 'गेम चांगला आहे का' एवढाच राहत नाही. 'आमच्या नेहमीच्या ग्राहकाला हा घ्यावासा वाटेल का' असा होतो. येवल्यात तुमच्या वडिलांनीही हे पाहिले असेल : अस्सल पैठणी समोर ठेवली तरी एखादा व्यापारी 'हा रंग आमच्याकडे जात नाही' म्हणून ती परत करतो आणि तीच पैठणी दुसऱ्या पेढीवर हातोहात विकली जाते. विणीला त्या पहिल्या व्यापाऱ्याने नावे ठेवलेली नसतात.

स्टीमही एकेकाळी असेच निवडक होते. बाहेरच्यांचा कोणता गेम घ्यायचा हे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीचे कर्मचारी ठरवत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये 'ग्रीनलाइट' सुरू होऊन मतदान खेळणाऱ्यांकडे गेले. २०१७ च्या जूनमध्ये ग्रीनलाइटच्या जागी 'स्टीम डायरेक्ट' आले आणि प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरून कोणालाही आपला गेम सादर करता येऊ लागला. पुढच्याच वर्षी व्हॉल्वने जाहीर केले की बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळपणे केलेले गेम वगळता बाकीच्यांना मज्जाव नसेल. आता तिथे गर्दी इतकी आहे की २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक गेम आले. मोजके गेम ठेवणाऱ्या दुकानात जागा मिळावी ही तुमची इच्छा म्हणूनच योग्य होती, कारण तिथे ठेवलेला गेम निदान कोणाच्या तरी नजरेस पडतो. पण ती जागा मिळाली नाही म्हणून बाजार बंद झाला, असेही नाही.

आता सेन्सॉरशिपबद्दल. मावसभावाचा राग मला कळतो, आणि त्याने घेतलेले उदाहरण खरे आहे, म्हणून ते बाजूला न सारता नीट पाहू. 'हॉर्सेस' हा इटलीतील सांता राजोने या स्टुडिओचा प्रौढांसाठीचा, मुद्दाम अस्वस्थ करणारा गेम आहे. त्यात माणसांना घोड्यांसारखे पाळलेले एक शेत आहे. स्टीमने तो २०२३ मध्येच नाकारला. निर्मात्यांचे म्हणणे असे की गेम अपुरा असताना घाईने जुळवलेली प्रत तपासणीला द्यावी लागली, तिच्यातील एका दृश्यामुळे आक्षेप आला असावा, आणि ते दृश्य बदलल्यावरही फेरतपासणी मिळाली नाही. २०२५ च्या डिसेंबरमध्ये प्रकाशनाच्या आदल्या दिवशी एपिकच्या दुकानानेही तो नाकारला. गॉगने मात्र तो विकला. ज्या गॉगने 'ऑपस मॅग्नम' आधी नाकारला होता, तेच हे दुकान. आणि याच गॉगने १६ डिसेंबर २०२० रोजी तैवानच्या रेड कँडल स्टुडिओचा 'डिव्होशन' विकणार असे जाहीर करून काही तासांत, खेळणाऱ्यांकडून अनेक संदेश आल्याचे सांगत, माघार घेतली होती. त्या गेममध्ये चीनच्या राष्ट्राध्यक्षांची थट्टा करणारा मजकूर सापडल्यावरून २०१९ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. शेवटी २०२१ मध्ये त्या स्टुडिओने स्वतःच्या संकेतस्थळावरून तो विकायला सुरुवात केली. एकच दुकान एकदा कच खाते आणि एकदा ठाम उभे राहते, हे इथे स्पष्ट दिसते. अशा दुकानाच्या होकार-नकाराला न्यायनिवाड्याचे वजन देऊ नये, असे मला म्हणूनच वाटते.

आवाज उठवून न्याय मिळाल्याची उदाहरणेही आहेत, आणि ती मला मोलाची वाटतात. २०१६ मध्ये पॅलेस्टिनी निर्माते रशीद अबुईदेह यांचा 'लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर' ॲपलने गेम म्हणून घेण्यास नकार दिला आणि तो बातमी किंवा संदर्भ या वर्गात टाका असे सुचवले. गाझातील युद्धात सापडलेल्या कुटुंबावरची ती कलाकृती होती आणि ती गेम नव्हे असे म्हणणे अन्याय्यच होते. जगभरातून टीका झाल्यावर काही दिवसांत ॲपलने निर्णय बदलला. त्याआधी, २०१४ मध्ये, लुकास पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज'च्या आयपॅड आवृत्तीतील नग्न देहांची चित्रे ॲपलने आक्षेपार्ह ठरवली होती. एका हुकूमशाही देशाच्या सीमेवर प्रवाशांची अंगझडती घेतली जाते, माणसाची अप्रतिष्ठा होते, हे दाखवणारी ती चित्रे होती. पोप यांनी ती काढून गेम सादर केला, नंतर ॲपलने गैरसमज झाल्याचे मान्य केले आणि ती चित्रे पर्याय म्हणून पुन्हा घालता आली. आणि २०२५ च्या जुलैमध्ये कार्डाचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली 'इच डॉट आयओ' या दुकानाने प्रौढांसाठीचे हजारो गेम शोधयादीतून एका झटक्यात काढले, स्टीमनेही अशा कंपन्यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही असे आपल्या अटींत घातले. निर्मात्यांनी आणि खेळणाऱ्यांनी तेव्हा जाहीर निषेध केला तो योग्यच होता.

या प्रत्येक प्रसंगात एक ठोस गोष्ट हाताशी होती : विशिष्ट दृश्य, विशिष्ट विषय, विशिष्ट नियम किंवा बाहेरून आलेला दबाव. तुमच्या मेलमध्ये यांतले काहीही नाही. मोर, पदर आणि काठ यांच्या कोड्यांवर कोणी आक्षेप घेतलेला नाही. तेव्हा या नकाराला सेन्सॉरशिप म्हटले तर वस्तुस्थितीला धरून होणार नाही, आणि ज्यांचे गेम खरोखर दाबले गेले त्यांच्या तक्रारीचे वजनही त्यामुळे कमी होईल. मावसभावाला ही गोष्ट शांतपणे सांगा. ज्या कारणासाठी तो चिडला आहे ते कारण खरे आहे, पण ते तुमच्या प्रकरणात लागू पडत नाही.

कर्मचाऱ्याच्या नावाबद्दल मी जरा कठोरपणे लिहिते आहे, कारण इथे दुसऱ्या माणसाच्या जिवाला त्रास होण्याचा प्रश्न आहे. मेलखाली ज्याची सही असते त्यानेच निर्णय घेतलेला असतो असे नाही. पुष्कळदा तो इतरांनी मिळून घेतलेला निर्णय कळवत असतो. असे एक नाव संतापलेल्या लोकांपुढे टाकले की पुढे त्या व्यक्तीला काय काय ऐकून घ्यावे लागते, हे गेमच्या जगाने वारंवार पाहिले आहे, आणि ते टाकणाऱ्याच्या हातात नंतर काही राहत नाही. उद्या कोणी तुम्हाला विचारले की त्या दुकानात तुमचा गेम का नाही, तर 'आम्ही पाठवला होता, त्यांनी घेतला नाही' एवढे खरे आणि पुरेसे उत्तर द्या. त्यात काही लपवल्यासारखे होत नाही.

आता तुमच्या शंकेकडे येते. गेमच कमी पडला असावा, असे तुम्ही लिहिता. तसे असेलही, पण हा मेल त्याचा पुरावा नाही. त्याने चित्रांबद्दल, कोड्यांबद्दल, किमतीबद्दल काहीच सांगितलेले नाही. कारण न सांगता आलेल्या नकारात आपणच कारणे भरू लागतो, आणि नेमके जे आपल्याला आधीपासून खुपत असते तेच कारण सापडते. चित्रे तुमची आहेत, म्हणून तुम्हाला चित्रे दोषी वाटतात. मावसभावाला चित्रांत काही दिसत नाही, म्हणून त्याला दुकान दोषी वाटते. दोघांनीही अंदाज करणे थांबवून पुरावा गोळा करावा, आणि तो फक्त खेळणाऱ्यांकडून मिळतो.

त्यासाठी पहिल्या काही कोड्यांचा एक डेमो वेगळा काढा. तो अशा माणसांपुढे ठेवा ज्यांचे तुमच्याशी नाते नाही आणि ज्यांना विणकाम कळत नाही. नाशिकच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुले चालतील, पुण्यातील गेम करणारी मंडळी चालतील, इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्सला जाता आले तर उत्तमच. ते खेळत असताना शेजारी बसा आणि एक शब्दही बोलू नका. बोलायचे नाही हे पाळणे फार जड जाते, पण तुम्ही बोललात की समोरचा तुमचे मन राखायला लागतो. तो कुठे थांबतो, कुठे माउस घेऊन चाचपडतो, कोणते कोडे सुटल्यावर आपणहून पुढचे उघडतो आणि कुठे उठून जातो, हे टिपून घ्या. वेगवेगळी माणसे एकाच ठिकाणी अडखळली तर ती जागा बदलायची. एकट्याला रंग आवडला नाही म्हणून रंग बदलायचा नाही.

एक गोष्ट मात्र लगेच तपासा, आणि ती गेमच्या आत नाही. निवड करणाऱ्यापुढे ढीग असतो. तो आधी ट्रेलर आणि चार चित्रे पाहतो आणि त्यावरून खेळायचे की नाही ते ठरवतो. तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून मला शंका येते की थांबलेल्या चित्रात तुमचा गेम मोबाइलवरच्या फुकट कोड्यांसारखा, नुसते रंग जुळवण्याचा वाटत असेल. खरी गंमत तर माग सुरू झाल्यावर आहे. मग ट्रेलरची सुरुवात नावाने किंवा संगीताने न करता थेट चालत्या मागाने करा : आडवा धागा नेणारा धोटा फिरतो आहे आणि बांगडी मोराची नक्षी ओळीओळीने उमटते आहे. पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही तितकीच स्वच्छ असते, ही गोष्ट जगातल्या बहुतेक खेळणाऱ्यांना ठाऊक नाही. कोडे सुटल्यावर कापड उलटून दाखवता आले, तर ते दृश्य कोणीही विसरणार नाही. 'ऑपस मॅग्नम'ने दिली तशी, आपण विणलेली नक्षी फिरत्या चित्राच्या रूपाने जपून इतरांना दाखवण्याची सोय खेळणाऱ्यांना जरूर द्या. मावसभावाची सध्याची सगळी ऊर्जा या एका कामात लावण्यासारखी आहे. आणि इंग्रजी आवृत्तीतही धोटा, काठ, पदर ही नावे तशीच ठेवा. त्यांच्यामुळे परका खेळणारा अडत नाही, उलट त्याला कुतूहल वाटते.

विक्रीचा मार्ग असा आखता येईल. 'इच डॉट आयओ'वर नोंदणीला पैसे लागत नाहीत आणि दुकानाला किती हिस्सा द्यायचा हे विक्रेता ठरवतो. आपण काही न बदलल्यास तो १० टक्के असतो. डेमोला पहिले खेळणारे मिळवायला ही जागा चांगली आहे, मोठ्या उत्पन्नाची अपेक्षा तिथे ठेवू नका. मुख्य विक्री स्टीमवरच करावी लागेल. तिथले १०० डॉलर गेमने १,००० डॉलरची विक्री गाठल्यावर परत मिळतात, आणि विक्रीतला सुरुवातीचा हिस्सा ३० टक्के जातो. पैसे भरल्यापासून प्रकाशनापर्यंत निदान ३० दिवस जावे लागतात आणि 'लवकरच येत आहे' असे पान किमान दोन आठवडे दिसत राहावे लागते. पण तुम्ही या किमान मुदतींवर जाऊ नका. पान काही महिने आधी उघडा, म्हणजे ज्यांना गेम आवडेल ते तो विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या आपल्या यादीत, ठेवतील आणि प्रकाशनाच्या दिवशी त्यांना आपोआप सूचना जाईल. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या 'स्टीम नेक्स्ट फेस्ट' या आगामी गेमच्या डेमोंच्या महोत्सवात डेमो ठेवता येतो, परंतु एका गेमला ही संधी एकदाच मिळते. म्हणून डेमोवर लोकांच्या अडखळण्याच्या जागा दुरुस्त झाल्याखेरीज तिथे जाऊ नका. 'हॉर्सेस'च्या निर्मात्यांना अपुरी प्रत दाखवावी लागल्याचा फटका कसा बसला ते वर लिहिलेच आहे. ज्या तपासणीत दुसरी संधी नाही, तिथे घाईने काही द्यायचे नाही, ही खबरदारी तुम्हीही घ्या.

मावसभावाने नोकरी सोडली आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते, आणि त्याच्या रागामागे बहुधा हीच भीती असावी. त्याच्याशी पैशाबद्दल उघड बोला. घरखर्च किती महिने निघेल, तोवर त्याने बाहेरची काही कामे घ्यायची का, उत्पन्न आले तर वाटणी कशी, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करा; मावस-नात्यात असे लिहून घेणे अवघड वाटते, पण नंतरचे अबोले त्याहून अवघड असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही. २०२० मध्ये तो गेम आला आणि जगभर खेळला गेला. हे उदाहरण मी हुरूप द्यायला सांगत नाही, मधल्या काळाची जाणीव राहावी म्हणून सांगते : त्या तीन वर्षांत माणसांना जेवावे लागते, भाडे भरावे लागते. तो काळ कसा काढायचा हे ठरवल्याशिवाय 'थांबवावे की चालू ठेवावे' या तुमच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही. तो काळ काढणे शक्य असेल तर चालू ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. माग खरोखर कसा चालतो हे ज्या घरात पिढ्यानपिढ्या माहीत आहे, त्या घरातून आलेला असा गेम माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

वडिलांना सांगा की त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि काम त्या होकारावाचून अडलेले नाही; विकण्याच्या अनेक जागांपैकी एक जागा सध्या मिळालेली नाही. त्याच वेळी त्यांना एक विनंतीही करा. गेममधला माग एकदा त्यांच्यासमोर चालवा आणि कुठे खोटे वाटते ते विचारा. निवड करणाऱ्या दुकानाने ज्या चुका कधीच पकडल्या नसत्या, त्या ते पहिल्याच फेरीत दाखवतील, आणि त्यांनी त्या दाखवल्या तर बदला. श्रेयनामावलीत त्यांचे नाव सल्लागार म्हणून घाला.

राहिला दुकानाला लिहायचा दुसरा मेल. डेमो जाहीर होऊन त्यावर अनोळखी माणसांचे अभिप्राय जमले आणि नवा ट्रेलर तयार झाला, की तेव्हा तो पाठवा, आज नाही. त्यात पहिल्या निर्णयावर वाद घालू नका आणि कारणही मागू नका. मजकूर साधारण असा ठेवा : "आपण आमचा गेम पाहिलात याबद्दल आभारी आहोत. त्यानंतर आम्ही डेमो प्रसिद्ध केला असून तो खेळलेल्यांची संख्या आणि त्यांचे अभिप्राय सोबतच्या दुव्यावर आहेत. ट्रेलरही नव्याने केला आहे. आपल्या ग्राहकांपैकी काहींनी गेम आपल्याकडे मिळेल का अशी विचारणा आमच्याकडे केली आहे. पुन्हा एकदा पाहणे शक्य असल्यास कळवावे, नसल्यास आमचा आग्रह नाही." अशी विचारणा प्रत्यक्षात झाली असेल तरच ते वाक्य ठेवा. पाठवण्यापूर्वी मेल मावसभावाला वाचायला द्या आणि तो दोघांच्या नावाने जाऊ द्या. यावरही नकार आला तर तिसरा मेल लिहू नका, आणि उत्तर लांबले तरी त्यासाठी प्रकाशनाची तारीख एक दिवसही पुढे ढकलू नका.